दोनशे नव्वदवर थांबलेली टाकी

मित्रांनो, वय झालं की माणसं धीट होतात म्हणे. लोखंडाचं काही तसं नसतं. मी गॅसची एक जुनी टाकी आहे, चाळिशी उलटलेली, सहा मीटर रुंद, आणि जन्मापासून भित्री. आज तुम्हाला माझी गोष्ट सांगतानासुद्धा माझ्या भोवतीचं पाणी थोडं थरथरतंय. वाऱ्यामुळे असेल असं समजा हवं तर.

शहराचं सांडपाणी जिथे शुद्ध होतं त्या केंद्रात, मागच्या भिंतीलगत माझी जागा आहे. तिथे पाण्याचा एक खोल गोल हौद आहे आणि त्यात मला पालथी घातली आहे. वाटी उपडी करून पाण्यात बुडवावी ना, अगदी तशी. माझ्या पोटात गॅस असतो आणि खालचं पाणी त्याला बाहेर पडू देत नाही. गॅस वाढला की मी पाण्यातून वर येते. कमी झाला की खाली बसते. सरळ वर-खाली व्हावं म्हणून माझ्या चारही बाजूंना खांब आहेत आणि माझ्या कडेला चाकं. अंगावर पांढरी पट्टी रंगवलेली आहे, तिच्यावर काळे आकडे. हौदाच्या काठाशी जो आकडा दिसेल तेवढे सेंटीमीटर गॅस माझ्या पोटात आहे असं समजायचं.

माझी भीती सुरू झाली ती मला बनवलं त्या कारखान्यातच. तिथला वेल्डर मोठा बारकाईने काम करणारा माणूस होता. प्रत्येक सांधा जोडून झाला की तो त्यावर साबणाचं पाणी फासायचा आणि आत हवा भरून कुठे बुडबुडा येतो का ते नाक टेकवून बघायचा. एकदा त्याचा जोडीदार कंटाळून म्हणाला, "अरे, किती वेळा बघशील? पोरगी बघायला आलायस का?"

वेल्डर म्हणाला, "हिच्या पोटात आग झोपणार आहे बाबा. टाचणीएवढं भोक राहिलं तरी पाप माझ्या माथी."

तो बोलला जोडीदाराशी, पण ऐकलं मी. आग झोपणार आहे! तेव्हापासून माझी झोप उडाली ती उडालीच.

मला इथे आणून हौदात सोडलं तेव्हा पाणी गार होतं आणि मी लोखंडाची असून शहारले. मग हळूहळू काम अंगवळणी पडलं. केंद्रातला गाळ एका बंद विहिरीत कुजायचा, त्यातून गॅस निघायचा आणि पहिल्या नळाने माझ्या पोटात यायचा. दुसरा नळ माझ्यापासून निघून जमिनीखालून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या धुलाईघरात जायचा. तिथे मोठ्या दवाखान्याच्या चादरी धुतल्या जात. तळघरात एक बॉयलर होता. माझ्या गॅसवर तो पेटायचा, पाणी खदखदायचं आणि पलीकडच्या अंगणात पांढऱ्याशुभ्र चादरींच्या ढकलगाड्या रांगेने उभ्या राहायच्या. मी पूर्ण वर आले की भिंतीवरून मला ते अंगण दिसे. घाणीतून निघालेल्या गॅसवर चादरी स्वच्छ होतात याचं पाहुण्यांना फार नवल वाटायचं. माझ्यासमोर उभं राहून ते फोटो काढायचे. नाकाला रुमाल लावून, अर्थात. इथला वास तसाच आहे. नव्या माणसाला आठ दिवस त्रास होतो, नवव्या दिवसापासून त्याला काही जाणवत नाही. ही गोष्ट हसण्यासारखी आहे खरी, पण पुढे हिच्यामुळेच घात व्हायची वेळ आली होती.

माझी पट्टी वाचायला एक बाई होत्या. त्यांचं काम साधंच. दिवसातून तीनदा यायचं, पट्टीवरचा आकडा लिहायचा, चाकांना तेल द्यायचं. माझ्या पायाशी काचेची एक वाकडी नळी आहे, तिच्यात पाणी असतं. आतल्या गॅसचा दाब किती ते त्या पाण्याच्या उंचीवरून कळतं. तीही बघायची. आकडा लिहून झाला की बाई माझ्या पत्र्यावर हात ठेवून विचारायच्या, "काय गं, बरी आहेस ना?" त्याही स्वभावाने घाबरटच. आकाश गडगडलं की दोन्ही कानांवर हात. आमचं जमलं ते त्यामुळेच. त्यांची धाकटी बहीण पलीकडच्या धुलाईघरात बॉयलर पेटवायची. ती मात्र बिनधास्त, हसरी, जिभेला हाड नसलेली.

बाईंना येऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. धुलाईघराला सुट्टी होती, विहिरीकडचा नळही बंद होता. दुपारी कडक ऊन होतं आणि मी छान वर तरंगत होते. मग अचानक ढग आले, गार वारा सुटला आणि संध्याकाळ होईपर्यंत मी सतरा सेंटीमीटर खाली बसले. गॅस कुठून आला नाही, कुठे गेला नाही, तरी टाकी खाली! बाईंनी पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "गळती! गळती!" ओरडत त्या साहेबांच्या खोलीकडे धावल्या.

साहेबांनी लगेच माणसं लावली. रस्ता खणला. नळ उघडा केला. इंचाइंचावर साबणाचं पाणी फासलं. धुलाईघर आणखी दोन दिवस बंद ठेवलं. एक बुडबुडा निघेल तर शपथ. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. सगळे मजूर कुदळी टेकून माझ्याभोवती उभे होते आणि त्यांच्या देखत मी हळूहळू वर आले, थेट जुन्या खुणेपर्यंत. मग एक जण हसला आणि मग सगळेच हसले. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. आणि मी, जिच्यामुळे हे झालं, मी वर वर येतच राहिले. थांबणं माझ्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकट्या बहिणीने मैत्रिणींना सांगितलं, "काल आमच्या गळतीबाईंनी अख्खा रस्ता उकरला!" संध्याकाळपर्यंत ते नाव भिंत ओलांडून इकडे आलं आणि बाईंना चिकटलं ते कायमचं. परक्याने ठेवलेलं नाव माणूस झटकून टाकतो. हे घरातून आलेलं होतं.

दुसरी कोणी असती तर बदली मागून गेली असती. गळतीबाईंनी एक थर्मामीटर मागून घेतला. माझ्या अंगात एक बंद खोबण आहे, त्यात तो ठेवायचा आणि आकड्याशेजारी आतल्या गॅसचं तापमानही लिहायचं असं त्यांनी सुरू केलं. कोणी सांगितलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या ध्यानात आलं की ज्या दिवशी नळ बंद असतात त्या दिवशी मी उन्हाबरोबर चढते आणि गारव्याबरोबर उतरते. पण किती? आणि का? ते काही उलगडेना.

मग एकदा शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तुमच्यासारख्या मुलांना घेऊन इथे आल्या. मुलं नाक दाबून दंगा करत होती तेवढ्यात गळतीबाईंनी त्यांना गाठलं आणि आपली वही पुढे केली.

शिक्षिकेने वही चाळली आणि त्या खाली बसल्याच, हौदाच्या काठावर. "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो. काही चुकलं का?"

"चुकलं कसलं! अहो, गॅसचे कण सारखे धावत असतात. तापले की जास्त जोराने धावतात, भिंतींना जास्त जोराने धडकतात. डबा घट्ट बंद असता तर आतला दाब वाढला असता. पण तुमची टाकी तरंगती आहे. तिचं वजन तेवढंच, म्हणून आतला दाबही तेवढाच राहतो. मग गॅस काय करणार? टाकीला वर ढकलणार आणि स्वतःला जागा करून घेणार. गार झाला की आवरून बसणार."

"पण किती, ते आधी सांगता येईल?"

"येईल की. थर्मामीटरवर जो आकडा असेल त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे. ती बेरीज ज्या प्रमाणात वाढेल त्याच प्रमाणात गॅसही वाढेल. दाब बदलता कामा नये आणि गॅस आत यायला-बाहेर जायला नको, एवढीच अट."

गळतीबाईंनी पेन्सिल घेतली. आमच्याकडे सकाळी गारवा असताना थर्मामीटर सतरा दाखवायचा. सतरा आणि दोनशे त्र्याहत्तर, दोनशे नव्वद. "म्हणजे सतरा अंशांवर टाकी दोनशे नव्वदवर असेल तर," त्या बोटं मोजत म्हणाल्या, "एक अंश वाढला की एक सेंटीमीटर वर. दहा अंश वाढले की दहा. अगं बाई! हे तर माझ्यासारखीच्याही लक्षात राहील."

त्या दिवशी त्यांच्याइतकीच मी सुटले. इतकी वर्षं आपण काहीही न करता वर-खाली होतो याची मला मनातून लाज वाटायची. आता कळलं की माझ्या हलण्याला नियम आहे.

बाईंनी साहेबांनाही हे समजावलं. साहेब म्हणाले, "म्हणजे टाकी उतरली तरी घाबरायचं कारण नाही. उत्तम!" त्यांनी त्यातलं अर्धंच घेतलं. निर्धास्त व्हायला जेवढं लागतं तेवढं.

बरीच वर्षं गेली. मग तो दिवस आला.

विहीर साफसफाईसाठी उघडली होती, म्हणून माझ्याकडे गॅस येणारा नळ बंद होता. धुलाईघरात यंत्रांची दुरुस्ती होती, दोन दिवस बॉयलर पेटला नव्हता. तिकडच्या बॉयलरपाशी नळाचा व्हॉल्व्ह बंद होता. माझ्या पायाशी जो मोठा व्हॉल्व्ह आहे तो मात्र उघडाच. तो कोणी बंद करत नसे. साहेबांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असा नियम होता, धुलाई मध्येच अडू नये म्हणून. दोन दिवसांत दवाखान्याच्या चादरींचा डोंगर साचला होता आणि त्या दिवशी तीन वाजता बॉयलर पुन्हा पेटायचा होता.

सकाळी सात वाजता बाई आल्या. तापमान सतरा, पट्टी दोनशे नव्वद. लिहिलं, पत्र्यावर हात ठेवला आणि विहिरीच्या साफसफाईवर देखरेखीला गेल्या.

ऊन वाढू लागलं. पोटातला गॅस जागा होऊ लागला. अशा वेळी आधी माझ्या खांद्यांना कळतं, मग चाकं कुरकुरतात, मग मी पाण्यातून निघू लागते. त्या दिवशी चाकं कुरकुरली नाहीत. गॅस फुलत होता, मला वर ढकलू बघत होता आणि जेवढा फुलत होता तेवढाच दुसऱ्या नळातून गुपचूप सरकत होता. कुठे? मला माहीत नव्हतं. नळ अंधारात, जमिनीखाली. त्या टोकाला काय आहे ते मला कसं दिसणार? मी फक्त एवढंच जाणत होते की माझं काहीतरी चाललं आहे आणि अंगावर साधा ओरखडा नाही.

नऊ वाजले. दहा. अकरा. पत्रा तापून चटके बसतील इतका गरम झाला आणि मी जागच्या जागी. मित्रांनो, खाली बसले असते तर निदान कोणी पाहिलं असतं. वर गेले असते तर सगळं ठीक असतं. जिथे होते तिथेच राहण्याइतकं भयंकर माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. कारण ते कोणाला दिसतच नाही.

बारा वाजता साहेब फेरीवर आले. काठावर वाकले. "दोनशे नव्वद. सकाळीही दोनशे नव्वद. झकास!" शीळ घालत ते गेले. मला किंचाळावंसं वाटलं. पण टाकीला तोंड नसतं. तिला पट्टी असते आणि पट्टी म्हणत होती, झकास.

अडीच वाजता गळतीबाई आल्या. चाकांना द्यायचं तेल हातात होतं. त्यांनीही आधी आकडाच पाहिला आणि लिहायला सुरुवात केली. मग थर्मामीटर काढला.

पस्तीस.

त्यांची पेन्सिल थांबली. ओठ हलू लागले. "पस्तिसातून सतरा गेले, अठरा. दोनशे नव्वद आणि अठरा... तीनशे आठ. तीनशे आठवर हवीस तू." त्यांनी पुन्हा पट्टीकडे पाहिलं. मग एक चाक तळव्याने ढकलून पाहिलं. ते सहज फिरलं. मग त्या गुडघे टेकून काचेच्या नळीसमोर बसल्या. पाणी रोजच्याच खुणेवर होतं. अडकून बसली असती तर आतला दाब वाढला असता आणि नळीतलं पाणी चढलं असतं. ते चढलं नव्हतं.

"मग गेला कुठे गं?" त्या माझ्या कानाशी बोलल्यासारखं हळू म्हणाल्या. "अठरा सेंटीमीटर गॅस गेला कुठे?"

त्यांनी माझ्यावर हात ठेवला, तो थंडगार होता. माझ्या तापलेल्या पत्र्याला तो अजून आठवतो. त्या काय विचार करत होत्या ते मला कळत होतं. अख्खा रस्ता, कुदळी, ते हसू. पुन्हा एकदा "गळती" म्हणायचं? आणि तेही पट्टी तसूभर हललेली नसताना?

साहेब चहाचा कप घेऊन ओट्यावर उभे होते. बाईंनी तिथूनच हाक मारली. "साहेब, गॅस चाललाय कुठेतरी. बॉयलर पेटवू देऊ नका!"

साहेब आले, वाकले, बघितलं आणि हसले. "बाई, त्या वेळी टाकी उतरली म्हणून गळती. आज उतरली नाही म्हणून गळती? आता हिने नाचून दाखवायचं का?"

"ऊन अठरा अंशांनी वाढलंय आणि ही जागची हलली नाही. तीच तर भीती आहे साहेब."

"चाकं अडकली असतील."

"फिरवून बघितली. दाबही तेवढाच आहे, नळी बघा."

"अहो, दवाखान्यात चादरी नाहीत. मला दहा फोन आलेत सकाळपासून. उद्या बघू शांतपणे."

बाईंनी भिंतीला टेकलेला लोखंडी दांडा उचलला, माझ्या पायाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या चाकात अडकवला आणि सगळा भार टाकला. चाक वर्षानुवर्षं फिरलं नव्हतं.

"बाई! मी अजून चिठ्ठी लिहिलेली नाही!"

"लिहा सावकाश," बाई दात आवळून म्हणाल्या. "मी बंद करते तोवर."

चाक करकरलं, फिरलं, पुन्हा फिरलं. व्हॉल्व्ह बसला. माझ्या नळातलं ते सरकणं थांबलं. पण जो गॅस गेला होता तो गेलाच होता आणि तीनला वीस मिनिटं उरली होती. बाईंनी बहिणीला फोन लावला. नुसता वाजत राहिला. बॉयलरवाल्या बायका फोन वरच्या कपाटात ठेवून खाली उतरतात हे त्यांनाच आठवलं आणि त्या पळत सुटल्या. पन्नाशीची बाई, दुखरे गुडघे. एक चप्पल फाटकातच राहिली.

मी जेवढी वर होते तेवढ्यावरून मला पलीकडच्या अंगणाचा एक तुकडा दिसत होता. बाई रस्ता ओलांडताना दिसल्या, ढकलगाड्यांमधून वाट काढताना दिसल्या, मग धुलाईघराच्या दाराने त्यांना गिळलं. आता फक्त दार दिसत होतं. आत अकरा बायका होत्या. मी त्या दाराकडे बघत होते आणि कुठल्याही क्षणी येईल त्या आवाजाची वाट बघत होते. पोटात आग झोपलेली असणं काय असतं ते त्या मिनिटांत मला कळलं. ती आता माझ्या पोटात नव्हती, दुसरीकडे कुठेतरी डोळे मिटून पडली होती आणि एका काडीने जागी होणार होती.

आणि तेवढ्यात माझं चाक कुरकुरलं.

साहेब अजून माझ्यासमोरच होते. त्यांनी मान वर केली. ऊन तापतच होतं, नळ आता खरोखर बंद होता आणि मी हलले. बोटभरही नाही, पण हलले. पट्टीवर दोनशे नव्वदच्या खाली एक कोरडी न झालेली ओली रेघ दिसली. साहेब त्या रेघेकडे बघत राहिले. सकाळपासून न हललेली टाकी व्हॉल्व्ह बंद केल्याबरोबर वर येते याचा अर्थ काय, तो त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आला. कप हातातून सुटला. ते फोनवर ओरडत, रस्त्याकडे धावत सुटले.

पुढचं मी नंतर ऐकलं, दोघी बहिणी माझ्या काठावर बसून बोलत होत्या तेव्हा.

धाकटी तळघराच्या पायऱ्या उतरत होती. हातात काडेपेटी. तळघराला वर चार झरोके होते, पण थंडीत वारा येतो म्हणून कोणीतरी त्यांत चिंध्या कोंबल्या होत्या. त्या तशाच राहिल्या होत्या. वास होता, पण वास तर रोजच असतो, रस्त्यापलीकडून. ती शेवटून तिसऱ्या पायरीवर होती तेव्हा वरून हाक आली.

"काडी ओढू नकोस!"

धाकटीने वर बघितलं. थोरली दारात, केस सुटलेले, एका पायात चप्पल. "गळती आहे. वर ये."

धाकटीला हसू फुटलं. काडी हातात होतीच. "ताई, पुन्हा? अगं, सगळ्या बायका ऐकतायत वर."

थोरलीने काही समजावलं नाही. अठरा अंश नाही, तीनशे आठ नाही. ती पायऱ्या उतरली, बहिणीचं मनगट धरलं, काडी आणि काडेपेटी काढून स्वतःच्या मुठीत घट्ट आवळली आणि म्हणाली, "हस. पण वर येऊन हस."

तिने मनगट असं काही आवळलं होतं की धाकटीचं हसू जागीच विरलं. दोघी वर आल्या. थोरलीने एकाही बटणाला कोणाला हात लावू दिला नाही. इस्त्र्या तशाच टाकून अकरा बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. कोणी कुरकुरत होतं, कोणी विचारत होतं काय झालं. धापा टाकत साहेब पोचले ते या गर्दीत.

गॅस शोधायचं यंत्र घेऊन फिटर आला. त्याने यंत्राची नळी दोरीने तळघरात सोडली. काटा सरकत सरकत तांबड्या पट्ट्यात गेला आणि तिथेच थांबला. फिटरने यंत्र हळूच खाली ठेवलं. "एक ठिणगी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळी दारं-झरोके उघडून, तळघर पूर्ण मोकळं करून त्यांनी भिंत फोडली. माझा नळ जिथे भिंतीतून आत येतो तिथे, चुन्याखाली, गंजाने पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. बॉयलरच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे. म्हणून तो बंद असूनही उपयोग नव्हता. एवढ्याशा भोकातून मी सकाळभर रिकामी होत होते आणि ऊन मला सकाळभर भरल्यासारखी दाखवत होतं.

चार दिवस धाकटीने काडेपेटीला हात लावला नाही. घरची शेगडीसुद्धा थोरली जाऊन पेटवून द्यायची. पाचव्या दिवशी धाकटी माझ्या काठावर थोरलीजवळ येऊन बसली. बराच वेळ पाण्यात खडे टाकत राहिली.

"ताई, ते नाव मीच पाडलं होतं."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझं हसू भिंतीपलीकडून ऐकू येतं."

थोरलीने धाकटीच्या केसांत अडकलेला सुताचा धागा काढला. बस, एवढंच. रडणं-बिडणं काही झालं नाही.

साहेबांनी माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण त्यांनी स्वतःच्या हाताने नवा तक्ता आखला: आकडा, तापमान, दाब आणि शेवटी एक रकाना, 'किती हवा होता'. आणि नियम उलटा केला. व्हॉल्व्ह बंद करायला आता कोणाचीच चिठ्ठी लागत नाही. लागते ती उघडायला.

मित्रांनो, याला खूप वर्षं झाली. दोघी बहिणी निवृत्त झाल्या. साहेबही गेले. नव्या लोकांना मी जुनाट वाटते आणि खरंच आहे मी. माझ्या माथ्यावरचा रंग पोपडे धरून उडतो आहे. एका सांध्याजवळ पत्रा पातळ झाला आहे, तिथे पाऊस साचतो आणि मला तो आतपर्यंत गार लागतो. थर्मामीटरच्या खोबणीत माती भरली आहे. पट्टी वाचायला रोज यायचं असतं, पण ऊन असतं, काम असतं. गेल्या सोमवारी कोणी आलंच नाही. तरी तक्त्यावर सोमवारचा आकडा होता. तीनशे एक. रविवारीही तीनशे एकच होता. सोमवारी दिवसभर ढग होते, मी दोनशे सत्त्याण्णवच्या वर आलेच नव्हते. मी वरून कचेरीच्या खिडकीतून पाहिलं, बसल्या बसल्या लिहिला होता तो.

त्या दिवसापासून मला पुन्हा झोप नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. माझा गंज खरवडा, माथ्यावर रंगाचा हात फिरवा, माझ्या नळांना भिंतीत चुन्याखाली गाडू नका, दिसतील असे ठेवा. झरोक्यांत चिंध्या कोंबू नका, थंडी वाजली तर अंगावर घ्या. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी माझी पट्टी वाचायच्या कामाला लागलं, तर कृपा करून जागेवर या. पाच मिनिटांची वाट आहे. आकडा कालचाच असेल, तर हायसं वाटण्याआधी आज ऊन किती आहे ते बघा. मग माझ्या पत्र्यावर एकदा हात ठेवा. मी बोलत नाही, पण तापलेली असून जागची हलले नसेन तर तेवढ्यात तुम्हाला कळेल. मी तुमची वाट बघत असते.